पिशवीत दडलंय काय?

सुट्ट्या नाण्यांच्या पिशव्या विकत घेऊन त्यात दुर्मिळ नाणी शोधायची, हा छंद आपल्याकडे परवडतो का? लेण्याद्रीच्या पायथ्याशी दोन हजार नाणी घेऊन केलेला एक प्रयोग.

शनिवारी सकाळी साडेनऊला मी लेण्याद्रीच्या पायथ्याशी एका हार-नारळवाल्या मावशींसमोर उभी होते आणि त्यांना पटवून देत होते की मला नारळ नको, दूर्वा नकोत, पेढेही नकोत. मला चिल्लर हवीये. जेवढी असेल तेवढी.

मावशींनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "ताई, लोकं सुट्टे मागायला येतात ते दहा-वीस रुपयांचे. तुम्हाला किती पाहिजेत?"

"किती आहेत?"

त्या हसल्या आणि गल्ल्याखालचं पोतं पुढे ओढलं. आत पारदर्शक प्लॅस्टिकच्या पिशव्या, मेणबत्तीवर तोंडं चिकटवलेल्या, प्रत्येकीत शंभर नाणी. एक रुपयाच्या सहा पिशव्या, दोनच्या दहा, पाचच्या चार. एकूण दोन हजार नाणी, चार हजार सहाशे रुपये. मी गल्ल्यावर चिकटवलेला क्यूआर कोड स्कॅन केला. म्हणजे बघा, चिल्लर विकत घेतली आणि पैसे दिले यूपीआयने! मावशींना एवढा आनंद झाला की त्यांनी एक नारळ फुकट दिला.

हा उद्योग मी का करत होते, ते सांगते. अमेरिकेत ह्याला रीतसर छंदाचा दर्जा आहे. बँकेत जायचं आणि कागदात गुंडाळलेल्या नाण्यांच्या सुरळ्या मागायच्या. डाइमच्या सुरळीत पन्नास नाणी, पाच डॉलर. क्वार्टरच्या सुरळीत चाळीस, दहा डॉलर. घरी येऊन सुरळ्या फोडायच्या, नाणी तपासायची, हवं ते ठेवायचं आणि उरलेली पुन्हा बँकेत भरायची. नाणं दर्शनी किमतीलाच मिळतं आणि दर्शनी किमतीलाच परत जातं, म्हणून नुकसान शून्य. पगारदार माणसाला ऐकायला फारच गोड वाटतो हा फंडा. मलाही वाटला. माझ्या ऑफिसात दोघांनी तर लगेच एक्सेल शीट उघडली.

पण माझं कारण एक्सेलमध्ये बसणारं नव्हतं.

कंडक्टरची पोर

माझे अप्पा एसटीत कंडक्टर होते. एकतीस वर्षं. जुन्नर, नारायणगाव, ओतूर, मंचर, आळेफाटा हे सगळं आमच्या घरात गावांच्या नावांसारखं नाही, टप्प्यांसारखं बोललं जायचं. नाणी गोळा करणाऱ्या माणसासाठी त्या काळात ह्याहून भारी नोकरी नव्हती. रोज शेकडो माणसं स्वतःच्या हाताने तुमच्या चामडी पिशवीत नाणी टाकणार, आणि तीही दहा गावांची, बाजाराची, जत्रेची. ड्यूटी संपली की भरणा करायच्या आधी अप्पा टेबलावर नाणी ओतून रुपयाच्या, दोनच्या, पाचच्या चवडी लावायचे. एखादं वेगळं नाणं दिसलं की कॅशियरच्या समोर खिशातली नोट ठेवायची आणि ते नाणं उचलायचं. हिशोब चोख. घरी वहीत चिकटवायला ते गोंद कधीच वापरायचे नाहीत. पुठ्ठ्याला गोल भोकं पाडून, मागे-पुढे पारदर्शक कागद लावून त्यांनी स्वतःचा अल्बम बनवला होता.

त्या अल्बममध्ये एक भोक रिकामं आहे. ते मी रिकामं केलंय.

१९९९ साली छत्रपती शिवाजी महाराजांचं दोन रुपयांचं नाणं निघालं. शिवनेरी ज्यांना घराच्या गच्चीवरून दिसतो त्यांच्यासाठी हे नाणं म्हणजे काय होतं, ते पुण्यात बसून कळणार नाही. अप्पांच्या पिशवीत ते आलं तेव्हा त्यांनी आईला स्वयंपाकघरातून बाहेर बोलावून दाखवलं होतं. मी तेव्हा चौथीत होते. पुढच्याच आठवड्यात मी ते अल्बममधून काढलं आणि स्टँडबाहेर त्याचा बर्फाचा गोळा खाल्ला. काला खट्टा. अप्पांनी विचारलं, मी 'माहीत नाही' म्हणाले, आणि विषय संपला.

गेली तीन वर्षं अप्पांच्या डोळ्यांच्या पडद्याला आजार आहे. माणूस समोर आला तर कळतं, चेहऱ्यावरचे भाव कळत नाहीत. नाण्यावरचं साल तर नाहीच. वर्षभरापूर्वी त्यांनी अल्बम मला दिला. "तुझ्याकडे राहू दे, मला आता नुसतं गोल दिसतंय," एवढंच म्हणाले. त्या रिकाम्या भोकाबद्दल काही बोलले नाहीत. तेवीस-चोवीस वर्षांत एकदाही बोलले नव्हते.

बाजारात ते नाणं मिळतं, अगदी सहज मिळतं. पुण्यात एका नाणेविक्रेत्याकडून मी ते दीडशे रुपयांना घेतलंही. पाकिटात सीलबंद, कुणीच न वापरलेलं, चकचकीत. घरी आणलं आणि अल्बममध्ये ठेवायला हात होईना. अप्पांच्या अल्बममध्ये एकही नाणं विकत घेतलेलं नाही. तेव्हा ठरलं, आपण ते शोधायचं. आणि शोधायचं जुन्नरकडेच.

चिल्लर लेण्याद्रीलाच का?

कारण शहरात आता चिल्लर उरलेली नाही. माझ्या पर्समध्ये शेवटचं नाणं कधी होतं ते मला आठवत नाही. देवस्थानांच्या परिसरात मात्र नाण्यांचं राज्य अजून शाबूत आहे. अकरा, एकवीस, एकावन्न, एकशे एक. वरचा तो एक रुपया स्कॅन करून देण्यात मजा नाही असं भाविकांना वाटतं, त्यामुळे हारवाला, चपला सांभाळणारा, पार्किंगवाला, डोलीवाला, चहावाला अशा सगळ्यांच्या गल्ल्यांतून नाणी फिरत राहतात. आणि ही नाणी येतात कुठून, तर अष्टविनायक यात्रेच्या बसमधून. मराठवाडा, विदर्भ, खानदेश, कोकण. अप्पांच्या पिशवीचंच मोठं रूप.

मावशी पिशव्या मोजेपर्यंत मी वर जाऊन आले. पुरातत्त्व खात्याचं तिकीट काढायचं, तीनशेच्या घरातल्या पायऱ्या चढायच्या, माकडांपासून पर्स वाचवायची. अष्टविनायकांतला डोंगरावरचा आणि लेण्यातला असा हा एकच गणपती. सातव्या क्रमांकाचं लेणं, एकही खांब नसलेला भलामोठा मंडप, भोवती भिक्खूंच्या खोल्या. शेजारच्या सहाव्या लेण्यात चैत्यगृह. इथे आलेला माणूस पायऱ्या मोजत येतो आणि शिलालेख न बघता जातो. मीही लहानपणी तेच केलंय. खरं तर जुन्नरच्या लेण्यांमधले ते लेख म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वीच्या पावत्या आहेत. अमक्याने हे लेणं दिलं, तमक्याने पाण्याचं टाकं दिलं, अमुक कारागिरांच्या श्रेणीकडे रक्कम ठेवली.

हा सगळा मुलूख पैशाच्याच वाटेवरचा. कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांतून माल नाणेघाट चढून जुन्नरला यायचा. घाटाच्या नावातच नाणं आहे आणि माथ्यावरच्या दगडी रांजणात जकातीची नाणी टाकत, असं सांगतात. पलीकडे मानमोडीच्या डोंगरात क्षत्रप राजा नहपानाच्या अमात्याचा, अयमाचा लेख आहे. ह्या नहपानाची चांदीची नाणी १९०६ साली नाशिकजवळ जोगळटेंभीला सापडली, एका ठिकाणी तेरा हजारांहून जास्त. रेव्हरंड स्कॉट नावाच्या गृहस्थाने ती एकेक करून तपासली. त्यातल्या दोन तृतीयांशांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने स्वतःचा ठसा पुन्हा मारलेला निघाला. शत्रूचा पराभव केला, त्याची नाणी गोळा केली, वितळवत न बसता त्यावरच शिक्का उमटवला. सातवाहनांनी क्षत्रपांना हरवलं ह्याचा एवढा रोकडा पुरावा दुसरा नाही. आणि तो मिळाला तो ढिगातलं प्रत्येक नाणं उलटून पाहिल्यामुळे. ढीग उपसणाऱ्यांना मी तेव्हापासून हसत नाही.

खाली आले. दहा किलोच्या आसपास वजन झालं होतं. मावशींच्या मुलाने पोतं डिकीत टाकलं आणि विचारलं, "ताई, ह्याच्यात काय सोनं आहे का?"

सोनं नाही, चांदीही नाही

त्याचा प्रश्न बरोबर होता, आणि इथेच आपला छंद अमेरिकेपेक्षा वेगळा पडतो. तिथे १९६४ पर्यंतचे डाइम आणि क्वार्टर नव्वद टक्के चांदीचे होते. आजही सुरळीत एखादा सापडला की दहा सेंटचं नाणं हातात आणि चांदी त्याच्या कैकपट किमतीची. लोक शोधतात ते त्या चांदीसाठी.

आपल्याकडे ब्रिटिशांनीच दुसऱ्या महायुद्धात रुपयातली चांदी निम्म्यावर आणली, आणि १९४७ चा रुपया तर निकेलचा निघाला. स्वतंत्र भारतात रोजच्या वापरासाठी चांदीची नाणी पाडली गेली नाहीत. गांधी जन्मशताब्दीला १९६९ साली दहा रुपयांचं चांदीचं नाणं आलं होतं, पण ते आज कुणाच्या गल्ल्यात सापडणार? तांबं-निकेलचे जुने रुपये आणि जाडजूड पाच रुपये होते, तेही बरेचसे गायब झाले. आपल्या नाण्यांची सीमेपलीकडे ब्लेड होतात, अशा बातम्या मधल्या काळात येऊन गेल्या. धातूसाठी नाणी वितळवणं हा २०११ च्या नाणे कायद्याने गुन्हा आहे, तेव्हा तो विचार मनातही आणू नका.

दुसरी शक्यता कमी पाडलेल्या नाण्यांची. इंग्लंडमध्ये २००९ साली क्यू गार्डन्सचं पन्नास पेन्सचं नाणं निघालं, फक्त दोन लाख दहा हजार. लोक आजही त्यासाठी पिशव्या फोडतात. आपल्याकडे देशच एवढा मोठा की साधं नाणंसुद्धा कोट्यवधींनी पाडावं लागतं. त्यामुळे 'माझ्याकडे १९९४ चा रुपया आहे' ह्याला नाणेबाजारात 'बरं' एवढंच उत्तर मिळतं.

तिसरी शक्यता, टांकसाळीच्या खुणांची. ह्यात खरी गंमत आहे आणि ती फुकट आहे. आत्ता घरात एखादं नाणं असेल तर काढा. सालाच्या खाली बघा. हिऱ्यासारखी खूण असेल तर ते मुंबईचं, तारा असेल तर हैदराबादचं, गोल ठिपका असेल तर नोएडाचं, आणि काहीच नसेल तर कोलकात्याचं. मधल्या काळात मागणी एवढी वाढली की परदेशातूनही नाणी पाडून आणली. १९८५ च्या काही रुपयांवर 'एच' अक्षर दिसेल, ते बर्मिंगहॅमच्या हीटन टांकसाळीचं. १९९९ चे काही पाच रुपये मॉस्कोचे आहेत. मॉस्कोत जन्मलेलं नाणं ओतूरच्या बाजारात कांद्याच्या बदल्यात फिरतं, ह्याचं मला अजून अप्रूप वाटतं.

आणि चौथी, ठसा चुकलेली नाणी. छाप सरकलेली, अर्धीच उमटलेली, एका बाजूला कोरी. ह्यांना खरंच चांगला भाव येतो. पण ती टांकसाळीतून निसटून इथवर पोचायला नशीब लागतं, आणि आजकाल बनावट चुकाही भरपूर बनतात.

अप्पांची बोटं

दुपारी जेवणं झाल्यावर ओटीवर सतरंजी टाकली आणि पहिली पिशवी फोडली. मी चष्मा, टॉर्च, भिंग घेऊन बसले होते. अप्पा भिंतीला टेकून बसले. मला वाटलं होतं, मी शोधीन आणि त्यांना सांगत जाईन. एका तासात माझी साठ-सत्तर नाणी झाली आणि मान धरली.

"दोनाचा ढीग इकडे सरकव," अप्पा म्हणाले.

त्यांनी डोळे मिटले आणि नाणी अंगठा आणि तर्जनीत फिरवत डावी-उजवीकडे टाकायला सुरुवात केली. जुनं तांबं-निकेलचं दोन रुपयांचं नाणं गोल नाही, त्याला अकरा कोपरे आहेत. नंतरचं स्टीलचं दोन रुपयांचं नाणं गोल. अप्पांच्या बोटांना तो फरक निमिषात कळत होता. शंभर नाण्यांची पिशवी सहा मिनिटांत. मी घड्याळ लावलं होतं. एकतीस वर्षं अंधाऱ्या बसमध्ये, घाटाच्या वळणावर, एका हाताने दांडा धरून त्यांनी हेच केलं होतं.

मग आमची पद्धत ठरली. अप्पा बोटांनी निवडणार, मी डोळ्यांनी वाचणार. महाराजांचं नाणं अकरा कोपऱ्यांचंच, त्यामुळे त्यांच्या उजव्या बाजूला पडलेली नाणीच मी आधी बघायची. रुपयाची नवी नाणी आणि दोनची नवी नाणी ह्यांच्यावर मात्र अप्पा भयंकर चिडायचे. "आंधळ्याने ओळखायचं कसं? दोन्ही सारखीच!" २०२२ मध्ये आलेल्या अमृतमहोत्सवी मालिकेत दृष्टिहीनांचा विचार केलाय असं मी सांगितलं. "मग ती आपल्या पिशवीत का नाहीत?" ह्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. फारच थोडी होती.

शनिवार दुपार, शनिवार रात्र, रविवार सकाळ. एकूण सात तास. दोन हजार नाण्यांत अकरा कोपऱ्यांची नऊ निघाली. त्यातली सात साधी, भारताच्या नकाशाची. एक देशबंधू चित्तरंजन दास, १९९८. एक श्री अरविंद, १९९८. रुपयाच्या पिशव्यांतून १९९९ चे संत ज्ञानेश्वर आले, एकच, पण हळदीने इतके माखलेले की आईने आधी हात जोडले. पाच रुपयांत लोकमान्य टिळक, २००७ चे, दोन. नृत्यमुद्रेतल्या अंगठ्याचा रुपया आणि दोन बोटांचे दोन रुपये तर ढिगाने. शिवाय संयुक्त अरब अमिरातीचा एक दिरहम, एक लोखंडी वॉशर आणि गेंड्याचे पंचवीस पैसे, जे ३० जून २०११ नंतर चलनातच नाहीत. म्हणजे पंचवीस पैशांमागे माझा सरळ रुपयाचा तोटा. मोजणीत सात नाणी कमी भरली ते वेगळंच. मावशी वजनावर भरतात, मोजून नाही.

महाराजांचं नाणं नव्हतं.

हिशोब मांडा

एक्सेलवाल्या मित्रांसाठी आकडे देते. चार हजार सहाशे गुंतवले. मिळालेली 'वेगळी' नाणी पुण्यातल्या त्याच विक्रेत्याला दाखवली. त्याने भिंग लावलं आणि सगळ्यांचे मिळून सत्तर रुपये सांगितले. कारण सरळ होतं. नाणी झिजलेली आहेत. नाणेबाजारात नुसतं कुठलं नाणं ह्याला अर्थ नाही, ते कुठल्या अवस्थेत आहे ह्याला आहे. हारवाल्याच्या गल्ल्यातलं नाणं हजार हातांतून गेलेलं असतं. न वापरलेलं, टांकसाळीची झळाळी असलेलं तेच नाणं काही पटीने जास्त भावाला जातं. आणि हो, घरी चिंच, लिंबू किंवा टूथपेस्टने घासून झळाळी आणायचा प्रयत्न करू नका. घासलेलं नाणं कुणीच घेत नाही. हळद काढायची तर साधं पाणी आणि मऊ कापड, बस्स.

सत्तर रुपये भागिले सात तास. तासाला दहा रुपये. पेट्रोल धरलंच नाही.

खरा वैताग पुढे आहे, तो परतफेडीचा. उरलेल्या जवळपास दोन हजार नाण्यांचं करायचं काय? मावशींनी आधीच बजावलं होतं, "दिलेली चिल्लर परत घेत नाही हां." मी एका बँकेच्या शाखेत गेले. काउंटरवरच्या गृहस्थांनी पोत्याकडे असं पाहिलं जसं काही त्यात मांजर आहे. आज गर्दी आहे, उद्या या. उद्या गेले तर मशीन बंद. वास्तविक रिझर्व्ह बँकेने बँकांना स्पष्ट सांगितलंय की नाणी नाकारायची नाहीत. शंभर-शंभरच्या पॉलिथिनच्या पिशव्यांत आणली तर दोघांनाही सोयीचं, असंही त्यांच्याच परिपत्रकात आहे. पण हे वाक्य काउंटरवर म्हणायला वेगळी छाती लागते. दुकानदाराला मात्र असा आग्रह करता येत नाही. रुपया आणि त्यावरची नाणी कायद्याने हजार रुपयांपर्यंतच्या देण्यासाठीच ग्राह्य, आणि पन्नास पैसे तर दहा रुपयांपर्यंतच.

शेवटी आठवडे बाजाराने वाचवलं. भाजीवाल्या, मासळीवाल्या, रसवंतीवाले, सगळ्यांना सुट्टे हवेच होते. दोन आठवड्यांत निम्मं पोतं रिकामं झालं. उरलेलं पुण्यात पीएमपीच्या कंडक्टरांनी आनंदाने घेतलं. एकाने तर मला विचारलं, "मॅडम, रोज ह्याच बसला येता का?"

एक सावधगिरीची गोष्ट इथेच सांगते. 'वैष्णोदेवीचं पाच-दहा रुपयांचं नाणं द्या आणि दहा लाख घ्या' छापाचे मेसेज तुम्हालाही येत असतील. ते नाणं २०१२ सालचं, चलनात आलेलं नाणं आहे, आणि त्याला दहा लाख देणारा माणूस अस्तित्वात नाही. तो आधी नोंदणी फी मागतो, मग कर मागतो, मग फोन बंद होतो. रिझर्व्ह बँकेचं नाव आणि चिन्ह वापरून हे चालतं म्हणून बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर इशाराही दिला होता. आणि दहा रुपयांचं नाणं 'चालत नाही' असं म्हणणाऱ्या दुकानदाराला सांगा, त्याच्या चौदाही डिझाइन्स वैध आहेत असं जानेवारी २०१८ मध्येच स्पष्ट झालंय.

तर मग परवडतं का? कमाई म्हणून विचाराल तर नाही, साफ नाही. त्यापेक्षा एखाद्या भल्या विक्रेत्याकडून हवं ते नाणं नीट अवस्थेत विकत घ्या, स्वस्त पडेल. नाणी ओळखायला शिकायचं असेल तर मात्र ह्यासारखी शाळा नाही. दोनशे नाणी हाताखालून गेली की टांकसाळीच्या खुणा पाठ होतात, आणि हजार गेली की बनावट नाणं हाताला खटकतं. एक पिशवी घ्या, शंभर रुपयांची. पोतं घेऊ नका.

शेवटची पिशवी

आता ती गोष्ट, जी मी ऑफिसात कुणाला सांगितलेली नाही.

रविवारी सकाळी दोन रुपयांची एकच पिशवी उरली होती. अप्पा आंघोळीला गेले होते. माझ्या पर्समध्ये ते दीडशे रुपयांचं नाणं होतं, पाकिटातलं. मी सील तोडलं, पिशवीचं तोंड उघडलं आणि नाणं आत सरकवलं. नीट हलवलं. अप्पा आले, भिंतीला टेकले, डोळे मिटले. मी नाणी ओतली आणि काहीच झालं नाही अशा चेहऱ्याने मोबाइल बघत बसले. चेहरा बघू न शकणाऱ्या माणसासमोर मी चेहरा सांभाळत होते.

तिसेक नाण्यांनंतर त्यांचा हात थांबला. अंगठा कडेवरून फिरला. एक कोपरा, दुसरा, तिसरा. मग त्यांनी ते नाणं दुसऱ्या हातात घेतलं आणि उजव्या ढिगातलं एक उचललं. दोन्ही शेजारी-शेजारी चाचपली.

"हे पिशवीतलं नाही," अप्पा म्हणाले.

"म्हणजे?"

"ह्याच्या कडा बघ. बोटाला लागतात. हे कुणाच्या खिशात गेलंच नाही कधी." त्यांनी नाणं माझ्यासमोर धरलं. "महाराजांचं आहे ना?"

मी हो म्हणाले.

"किती दिले?"

"दीडशे."

ते बराच वेळ हसत राहिले. आई आतून बघायला आली. "दीडशे! गोळा तेव्हा दोन रुपयांना होता गं."

मी मान वर करून बघेपर्यंत त्यांनी नाणं माझ्या तळहातावर ठेवून माझी मूठ मिटली होती. ते माझ्याकडेच आहे, पर्सच्या आतल्या कप्प्यात. अल्बममधलं भोक तसंच आहे.

गेल्या गुरुवारी मावशींचा फोन आला. चतुर्थीची गर्दी होऊन गेली होती. चौदा पिशव्या जमल्यात, त्यातल्या नऊ दोन रुपयांच्या, दुसऱ्या कुणाला देऊ की ठेवू, असं विचारत होत्या. अप्पांना सांगितलं तर म्हणाले, ठेवायला सांग, पण ह्या वेळी मोजून घे.